वलंदेजांच्या देशात खायचं काय? (नेदरलँड्स खाद्यधागा)

कालव्याकाठची

एप्रिल उजाडला की आमच्याकडे पाहुण्यांचा राबता सुरू होतो. ट्यूलिप होतात, पवनचक्क्या होतात, बोटीतून फेरी होते आणि निघायच्या आदल्या दिवशी ठरलेलं वाक्य येतं: "देश छान आहे गं, पण या लोकांचं स्वतःचं असं खाणंच नाही." तोवर या मंडळींच्या पोटात गेलेलं असतं काय? स्टेशनवरचा पिझ्झा, एखाद्या इंडियन हॉटेलातला बुफे आणि बॅगेतून आणलेले ठेपले. म्हटलं, एकदाचा धागाच काढावा, पुढच्या वेळी लिंक पाठवून मोकळी.

गोची अशी आहे की डच खाणं रेस्टॉरंटात बसून फारसं मिळत नाही. इथल्या माणसाचं दुपारचं जेवण म्हणजे ब्रेड आणि चीज. गरम जेवण एकदाच, संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि तेही घरी. जिभेला चटक लावणारं जे काही आहे ते गाडीवर, आठवडी बाजारात, उभ्याउभ्या खायचं. वर ते महिन्यागणिक बदलतं. त्यामुळे "चांगलं हॉटेल सुचव" असं विचारू नका, कुठल्या महिन्यात येताय ते सांगा.

जूनमध्ये येणार असाल आणि मासे खात असाल तर पहिला मान हेरिंगचा. जूनच्या मध्याला नवं हेरिंग येतं, त्याला 'होलांत्से न्यूव' म्हणतात. मे महिन्यापासून उत्तर समुद्रातलं हेरिंग खाऊनपिऊन गुबगुबीत झालेलं असतं. अंगात निदान १६ टक्के चरबी असेल तरच हे नाव लावता येतं. पहिल्या पिंपाचा लिलाव होतो आणि पैसे धर्मादाय कामाला जातात. हेगजवळ स्खेवनिंगनच्या बंदरात त्या सुमाराला जत्राच भरते. मासा साफ करताना कल्ले आणि आतडी काढतात, पण स्वादुपिंड मुद्दाम आत ठेवतात. त्यातल्या पाचकरसानेच मिठातला मासा मुरतो आणि लोण्यासारखा मऊ होतो. म्हणजे 'कच्चा मासा' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनो, तो कच्चा नाही, मुरवलेला आहे. शिवाय त्यातल्या जंतांचा बंदोबस्त करण्यासाठी तो आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावा लागतो. तसा कायदाच आहे.

गाडीवरचा माणूस हे कसं करतो ते बघण्यासारखं असतं. आखूड पात्याची सुरी पोटाखालून फिरते, कातडी दोन बोटांच्या चिमटीत एका ओढीत निघते, पाठीचा काटा अख्खा बाहेर येतो आणि दोन्ही फाकी शेपटीला जोडलेल्याच राहतात. वर बारीक चिरलेला कच्चा कांदा. शेपटीला धरून मान मागे टाकून खायचा फोटो सगळे काढतात, पण ॲमस्टरडॅमकर मात्र तुकडे करून, सोबत काकडीचं लोणचं घेऊन खातात. मी ब्रेडमध्ये घालून खाते. तिन्ही चालतं. समुद्रकिनाऱ्याच्या गावी असाल तर सीगल पक्ष्यांवर लक्ष ठेवा, हातातलं नेतात.

दुसरं म्हणजे स्ट्रोपवाफल. हो, पुण्यात मॉलमध्येही पाकीट मिळतं, माहीत आहे. पण बाजारातल्या गाडीवर समोर केलेलं आणि पाकिटातलं यांचा एकमेकांशी संबंध नाही. कणकेची गोळी तापलेल्या लोखंडी साच्यात दाबतात. बाहेर काढलेली चकती गरम असतानाच पातळ सुरीने आडवी चिरून तिचे दोन पापुद्रे करतात. मध्ये दालचिनीचा वास असलेला दाट पाक फासायचा, परत मिटायची. चटके बसतात, पाक हनुवटीवर येतो, आणि त्याशिवाय मजा नाही. पदार्थ मूळचा गौडा गावचा, अठराव्या-एकोणिसाव्या शतकाच्या सांध्यावरचा. पाकीटवालं घेतलंतच तर गरम कॉफीच्या कपावर झाकण म्हणून दोन मिनिटं ठेवा.

चीजबद्दल लिहायला बसले तर रात्र होईल, म्हणून थोडक्यात. दुकानात 'योंग' म्हणजे साधारण महिनाभर मुरलेलं, 'बेलेखन' म्हणजे चार महिन्यांचं, 'औट' म्हणजे दहा महिने किंवा जास्त. भारतात गौडा म्हणून जे रबरी मिळतं ते योंगचं भावंड. तुम्ही औट मागा. दाताखाली जे करकरतं ते मीठ नाही, टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे स्फटिक असतात. दुकानदार चाखायला देतो, लाजू नका. चीज-बाजाराचा सोहळा बघायचा तर गौडात उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी, आल्कमारला एप्रिल ते सप्टेंबर शुक्रवारी सकाळी. आल्कमार जास्त देखणं (पांढरे कपडे, रंगीत टोप्या, खांद्यावरच्या झोळीसारख्या चौकटीत चीजची चाकं घेऊन धावणारे हमाल), पण गर्दीही तितकीच.

बाकीच्यांनी भर घाला. युट्रेख्त, आइंडहोवन, ग्रोनिंगनवाले कुठे आहेत?

सातारी_कंदी

वाचनखूण साठवली. आम्ही मे महिन्यात येतोय, मी, बायको, सासूबाई आणि सात वर्षांचा चिरंजीव. चिरंजीव काहीही खातो, मी बऱ्यापैकी खातो. बायको शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाई शाकाहारी, अंडं चालत नाही आणि "आतून काय घातलंय" हे विचारल्याशिवाय घास घेत नाहीत. तुमच्या लेखातलं त्यांना काय चालेल?

कालव्याकाठची

@सातारी_कंदी, सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे, इथे विचारायलाच हवं.

चीज: दूध नासवायला जे वापरतात त्याला 'स्ट्रेमसल' म्हणतात. ते वासराच्या पोटातलं असू शकतं किंवा सूक्ष्मजंतूंपासून बनवलेलं. लेबलावर 'वेखेतारिस' किंवा 'मिक्रोबिएल' असेल तर बिनधास्त घ्या. शेतावर कच्च्या दुधाचं केलेलं 'बूरनकास' चवीला उत्तम, पण त्यात प्राणिज असण्याची शक्यता जास्त, तिथे विचारा.

फ्राईज: सगळीकडे मिळतात, पण काही ठिकाणी बैलाच्या चरबीत तळतात. 'प्लांतारदख' म्हणजे वनस्पती तेल का, असं विचारायचं. त्याच कढईत मांसाचे प्रकार तळतात का हेही विचारा. उत्तर बहुतेक वेळा सरळ मिळतं, डच माणूस गोडगोड खोटं बोलत नाही.

कासूफ्ले: नाव फ्रेंच वाटलं तरी सूफ्लेशी काही देणंघेणं नाही. ब्रेडक्रम्ब्सच्या पाकिटात वितळलेलं चीज, तळलेलं. गाडीवरचा शाकाहारी माणसाचा आधार. पहिला घास जपून, आतलं चीज उकळतं असतं.

आपलतार्त, म्हणजे सफरचंदाचा जाड पाय, वर फेटलेली साय. कॅफेत बसून आवर्जून खावा असा हा एकच गोड पदार्थ, असं माझं मत. कवचात अंडं असतं बरेचदा, तेव्हा सासूबाईंना नाही. पॅनकेकमध्येही अंडं असतं.

सासूबाईंसाठी खरा उपाय वेगळाच आहे, तो हेगकर सांगतील. हेगकर, या बघू.

कल्हईवाला

धाग्यात 'ड्रॉप'चं नाव नाही, हा अन्याय आहे.

ड्रॉप म्हणजे जेष्ठमधाच्या अर्काच्या काळ्या गोळ्या. इथल्या सुपरमार्केटात त्यांची अख्खी भिंत असते: गोड, खारट, दुप्पट खारट, नाण्यांच्या आकाराच्या, मांजराच्या आकाराच्या. ऑफिसात प्रत्येकाच्या खणात पुडी. परदेशी माणसाला हसत हसत पुढे करायची आणि तोंड बघत बसायचं, हा राष्ट्रीय खेळ.

खारट ड्रॉपचा खारटपणा मिठाचा नसतो. त्यात अमोनियम क्लोराइड असतं, म्हणजे आपला नवसागर. माझ्या आजोबांचं कल्हईचं दुकान होतं. तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवला की जो पांढरा धूर नाकात जायचा, तो वास 'डुब्बल झाउट' (दुप्पट खारट ड्रॉप) तोंडात टाकल्यावर टाळूमागून थेट वर येतो. पहिल्यांदा थुंकलो. आता खणात पुडी आहे.

दोन सूचना. ब्लडप्रेशरवाल्यांनी मूठमूठ खाऊ नये, जेष्ठमधाने रक्तदाब वाढतो. आणि कित्येक ड्रॉपमध्ये जिलेटिन असतं, शाकाहाऱ्यांनी घटक वाचावेत.

माशाचं_कालवण

कल्हईवाले, कोपरापासून नमस्कार, पण नवसागर खाणार नाही.

हेरिंगबद्दल माझं मत नोंदवून ठेवा. मी मालवणी माणूस, मासळीला नाही म्हणणं आमच्या रक्तात नाही. हेरिंग हे तारलीच्या कुळातलं, म्हणजे घरचंच. पण तारली म्हटली की तिरफळं हवीत, आमसूल हवं, निदान तव्यावर चुरचुरायला तरी हवी. थंडगार, तेलकट, वर कच्चा कांदा... 'मुरवलेलं' वगैरे मान्य, जिभेला कोण समजावणार?

माझ्यासारख्यांसाठी त्याच गाडीवर 'किबलिंग' असतं. पांढऱ्या माशाचे तुकडे, पिठात बुडवून समोर तळलेले, वर मसाल्याची भुकटी, सोबत लसणीचं नाहीतर रेमूलाद सॉस. पूर्वी हे कॉड माशाच्या गालांचं करत, आता बाकीच्या पांढऱ्या माशांच्या तुकड्यांचंही चालतं. तयार तळून ठेवलेल्या ढिगातलं घेऊ नका, "ताजं तळून द्या" म्हणा आणि पाच मिनिटं थांबा.

जुलैनंतर येणाऱ्यांनी झीलंडच्या शिंपल्या सोडू नयेत. येर्सेक हे त्याचं गाव. काळं पातेलं भरून येतं, गाजर-कांदा-सेलरीच्या वाफेवर उघडलेल्या. एका रिकाम्या शिंपलीचा चिमटा करून दुसरीतलं मांस काढायचं. पातेल्याच्या तळाशी जो रस उरतो तो ब्रेडने पुसून खा, तिथेच सगळी चव आहे.

हेगकर

हाक ऐकली, आलो. जरा ऐसपैस लिहितो.

सासूबाईंना हेगला आणा. ट्रान्सव्हाल भाग, हेगचा मोठा उघडा बाजार, त्याच्या आसपास सुरिनामी लोकांची रोटीची दुकानं. गोष्ट अशी आहे: दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत गुलामी संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. इंग्रजांशी करार करून कलकत्त्याहून गिरमिटिये नेले. 'लाला रूख' हे पहिलं जहाज ५ जून १८७३ रोजी पारामारिबोला लागलं, आणि १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसं गेली, बहुतेक पूर्व उत्तर प्रदेश-बिहारची. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला त्या सुमाराला त्यातली बरीच कुटुंबं नेदरलँड्सला आली. हेगमध्ये ही वस्ती सर्वांत मोठी.

तर रोटी मागवलीत की ताट असं येतं: मोठी मऊ पोळी, आत पिवळ्या डाळीचं कोरडं भरड पीठ पसरलेलं (तोडली की भुरभुर सांडतं), बाजूला मसाल्यातला बटाटा, वीतभर लांब चवळीच्या शेंगांची भाजी (तिला इथे 'काउसनबांट' म्हणतात), उकडलेलं अंडं आणि कोंबडी. शाकाहारी मागितलीत तर कोंबडी वगळून भोपळा किंवा जास्तीची भाजी येते. 'झॉन्डर आय' म्हणालात की अंडंही जातं. हाताने खायचं, काटा मागितलात तर देतात पण बघतात. मिरची वेगळी मिळते, तिचं नाव 'मादाम जानेट', पिवळी, दिसायला गोंडस. सातारी माणसानेही कोपऱ्याला टेकवूनच चाखावी.

आणि 'बारा'. उडदाच्या पिठात अळूच्या जातीची पानं चिरून घालतात, मध्ये भोक पाडून तळतात, वर आंब्याची झणझणीत चटणी. सासूबाई आतून काय घातलंय विचारतील तेव्हा काउंटरमागच्या आजी भोजपुरी वळणाच्या सरनामीत सांगतील, आणि सासूबाईंना हिंदीत कळेल.

मूळमुद्दा

धागा 'पारंपरिक डच' पदार्थांचा आहे ना? रोटी-बारा खायला हेगला कशाला जायचं, गोरखपूरला जा. उद्या कोणी इंडोनेशियन रैस्टताफल लिहील, परवा शॉरमा. एवढ्या लांब येऊन तिथल्या मातीतलं खावं असं मला वाटतं. वैयक्तिक काही नाही.

हेगकर

@मूळमुद्दा, वैयक्तिक घेतलंच नाही. पण मातीतलं म्हणाल तर बटाटा दक्षिण अमेरिकेतला, कॉफी आणि कोको बाहेरचे, स्ट्रोपवाफलमधली दालचिनी श्रीलंकेकडची. लवंग आणि जायफळ इंडोनेशियातल्या मोलुक्का आणि बांदा बेटांवरचं, आणि ते कसं मिळवलं याचा इतिहास वाचवत नाही. बांदा बेटांवर १६२१ साली डच कंपनीने जायफळाच्या मक्तेदारीसाठी कत्तल केली. ते जायफळ आज इथल्या आजीबाई फ्लॉवरच्या भाजीवर किसतात आणि त्याला अस्सल डच म्हणतात. मग दीडशे वर्षं डच राज्यात नाहीतर डच देशात शिजलेली रोटी परकी कशी?

रैस्टताफल मी लिहिणारच आहे. भाताभोवती पंधरा-वीस छोट्या वाट्या: रेंडांग, साते, गादो-गादो, सांबाल (मिरचीचा ठेचा). हा थाट खुद्द इंडोनेशियातल्या घरातला नाही, तिथल्या डच मळेवाल्यांनी पाहुण्यांवर छाप पाडायला मांडलेला. म्हणजे तुमच्याच व्याख्येने तो सगळ्यात जास्त डच ठरतो. कुणाचा वाढदिवस असेल, खिसा थोडा सैल करायचा असेल, तर ही एक रात्र हॉटेलात बसा. पण आधी विचारून घ्या, शाकाहारी वाट्यांतही सुकट-कोलंबीचा 'त्रासी' असतो.

मूळमुद्दा

इतिहास माहीत आहे. तरीही माझा मुद्दा उरतोच. तीन दिवस हातात असलेल्या प्रवाशाला आधी काय सांगाल? मी हेरिंग, चीज आणि वाटाण्याचं सूप सांगेन.

कालव्याकाठची

दोघांनी एकेक पाणी प्या.

तीन दिवसांत दोन्ही बसतं हो. दुपारी बाजारात हेरिंग, रात्री हेगला रोटी, ट्रेनने पाऊण तासाचं अंतर ॲमस्टरडॅमहून. मूळमुद्दा यांच्यासाठी मधला मार्ग म्हणून मसाल्याचं चीज सुचवते. लायडनचं 'कोमैनकास', त्यात जिरं असतं. साय काढलेल्या दुधाचं, म्हणून जरा कोरडं. शेतावर केलेल्या अस्सल चीजच्या लालसर सालीवर लायडन शहराच्या दोन किल्ल्यांचा छाप असतो. आणि फ्रीसलंडचं 'नाखलकास', त्यात अख्ख्या लवंगा. लवंग दाताखाली आली की तोंड बधिर, पण राय नावाच्या धान्याच्या काळसर ब्रेडवर त्याला तोड नाही.

वेंगुर्ल्याचा_वारा

अवांतर: मसाल्याचा विषय निघालाच आहे म्हणून. वेंगुर्ल्यात डचांची वखार १६३७ सालची, पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. शिवकाळात यांना वलंदेज म्हणत. गावी गेलात तर बघून या, पाटी सापडायला जरा कष्ट पडतात. अवांतर समाप्त.

भिंतीतला_क्रोकेट

माझ्या नावाचा पदार्थ कुणीच लिहिला नाही म्हणून लॉगिन केलं.

इथे भिंतीत काचेच्या छोट्या खणांची रांग असते. पैसे टाका नाहीतर कार्ड लावा, खण उघडतो, गरम क्रोकेट बाहेर. फेबो ही त्यातली प्रसिद्ध साखळी, १९४१ साली ॲमस्टरडॅममध्ये बेकरी म्हणून निघालेली. क्रोकेट म्हणजे मांसाचा रस्सा पीठ-लोण्यात इतका घट्ट करायचा की गार झाल्यावर वळता येईल, मग ब्रेडक्रम्ब्समध्ये घोळवून तळायचा. बाहेरून कुरकुरीत, आतून पळीवाढं. त्याचाच गोल छोटा भाऊ 'बिटरबाल', बिअरसोबत मोहरीत बुडवून. सावधान: दोन्ही बहुधा बीफचे असतात. कोंबडीचे, भाज्यांचे, आळंब्यांचेही मिळतात, विचारून घ्या. 'फ्रिकांदेल' नावाची जी लांब तपकिरी कांडी दिसते तिच्यात कोंबडी, डुक्कर, क्वचित घोडाही असतो. मी खातो, पण घरी सांगत नाही.

रॉटरडॅमला गेलात तर 'कापसालोन'. २००३ च्या सुमाराला तिथल्या केप व्हर्डियन वंशाच्या एका न्हाव्याने शेजारच्या शॉरमावाल्याला सांगितलं, "सगळं एकाच ट्रेमध्ये टाक." खाली फ्राईज, वर शॉरमा, त्यावर गौडा वितळवलेलं, वर सॅलड, लसणीचा सॉस आणि सांबाल. नाव पडलं त्याच्या सलूनवरून. मूळमुद्दा साहेब, याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. एक ट्रे दोघांत पुरे.

गारठलेला

सगळे उन्हाळ्याचेच. हिवाळ्यात येणाऱ्यांना काही आहे की नाही?

स्नेर्ट, म्हणजे सोललेल्या वाटाण्याच्या डाळीचं सूप. सूप म्हणायचं पण चमचा उभा राहिला पाहिजे. डुकराचं मांस, सेलरीचा कंद, लीक, गाजर, शेवटी धुरावलेल्या सॉसेजचे काप. केल्या दिवशी खात नाहीत, दुसऱ्या दिवशी खातात. बिनमांसाचं आता बऱ्याच कॅफेत असतं. कालवे गोठले की बर्फाच्या कडेला टपऱ्या लागतात आणि स्केटिंग करणारे तिथे हे पितात, पण हल्ली कालवे गोठतात कुठे? फ्रीसलंडची अकरा शहरांची मोठी स्केटिंग शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही.

स्टाम्पपॉट: बटाट्याबरोबर कुठली तरी भाजी ठेचायची. केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) घातली की बूरनकोल, आंबवलेला कोबी घातला की झुरकोल. मधोमध खळगा करून त्यात मांसाचा रस ओततात. दिसायला काही नाही. सहा अंशांत सायकलवरून भिजून घरी आलात की कळतं.

ओलीबोलन: नोव्हेंबरपासून चौकाचौकात गाड्या लागतात. आंबवलेल्या पिठात बेदाणे, तळून वर पिठीसाखर. ३१ डिसेंबरला रांगा. आणि ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास या मुलांच्या सणासाठी 'क्राउटनोटन' ही छोटी मसालेदार बिस्किटं: दालचिनी, लवंग, जायफळ, आलं, वेलची. हल्ली दुकानवाले ऑगस्टअखेरीसच मांडतात आणि मग डच लोक डिसेंबरपर्यंत त्याबद्दल कुरकुरत तीच खातात.

दक्षिणद्वार

मोठ्या शहरांपलीकडचं थोडं. डेन बॉसला 'बॉस बॉल': मुठीपेक्षा मोठा गोळा, आत फेटलेली साय, बाहेरून डार्क चॉकलेट. सुरीकाट्याने खाल्लात तरी शर्टावर येणारच. लिंबुर्खला 'व्लाय', फळांचा चपटा पाय, माझी पसंती तांदळाच्या खिरीच्या व्लायला. झीलंडचा 'बोलुस', दालचिनी आणि काळसर साखरेची चिकट गुंडाळी, पोर्तुगालहून आलेल्या ज्यू बेकऱ्यांकडून शिकलेली. उलटी करून सपाट बाजूला लोणी लावतात. ग्रोनिंगनचा 'आयरबाल' म्हणजे मसालेदार घट्ट रस्श्यात लपेटून तळलेलं अंडं.

@सातारी_कंदी, मेमध्ये येताय तर पांढरं ॲस्परॅगस. २४ जूनला हंगाम बंद होतो, शेतकरी त्यानंतर काढतच नाहीत. वितळलेलं लोणी, उकडलेलं अंडं, हॅम. हॅम आणि अंडं वगळून सासूबाईंनाही चालेल.

मोगऱ्याची_वेणी

मुलांचं मी सांगते, दोन वाढवलीत इथे.

सकाळी ब्रेडला लोणी आणि वर चॉकलेटचे दाणे, 'हाखलस्लाख'. लोणी आधी का, तर दाणे चिकटावेत म्हणून. लोणी न लावता घातलेत की सगळं गालिच्यावर. मोठी माणसंही खातात, सूटबूट घालून.

दुपारी जत्रेत किंवा बाजारात 'पॉफर्चेस'. आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर कुट्टूच्या पिठाचे चिमुकले फुगलेले पॅनकेक. तो माणूस काट्याने एकेक इतक्या भराभर उलटतो की मुलं तिथेच खिळून राहतात. वर लोण्याचा गोळा आणि पिठीसाखर. फुंकर मारू नका, साखर समोरच्याच्या चष्म्यावर जाते.

आणि कुणाच्या घरी बाळ झालं असेल आणि बोलावणं आलं, तर 'बेस्खाउट मेट मौस्येस' समोर येईल: गोल कुरकुरीत टोस्ट, लोणी, वर साखरेत घोळवलेले ॲनिसचे दाणे. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. राजघराण्यात बाळ झालं की नारिंगी. ॲनिसने आईला दूध येतं ही इथली जुनी समजूत. माझ्या बाळंतपणात आई पुण्याहून बाळंतशोपा घेऊन आली होती आणि शेजारीण मौस्येसचा डबा. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, डबे उघडून वास घेत बसल्या होत्या.

सातारी_कंदी

मंडळी, धन्यवाद, बायकोने प्रिंट काढलीय. दोन शंका राहिल्या. रात्री उशिरा पोचलो तर जेवण मिळतं का? आणि परत येताना चीज आणता येईल का, वास सुटेल का बॅगेत?

कालव्याकाठची

उशिरा म्हणजे नऊच्या पुढे असेल तर छोट्या गावात स्वयंपाकघरं बंद झालेली असतात, गाडीवरच्या फ्राईज किंवा शॉरमा हाच आधार. मोठ्या शहरात अडचण नाही. सोमवारी सकाळी बरीच दुकानं उघडलेली नसतात, ॲमस्टरडॅमचा आल्बर्ट काउप बाजार रविवारी बंद. आणि कार्ड जवळ ठेवाच, पुष्कळ ठिकाणी रोख घेतच नाहीत.

चीज घेताना 'व्हॅक्यूम' म्हणा, दुकानदार लगेच करून देतो. औट घ्या, घट्ट असतं आणि प्रवास सोसतं. योंग मऊ पडतं. लवंगवालं घेतलंत तर दोन पिशव्यांत. स्ट्रोपवाफलचे डबे कशाही बॅगेत चालतात, पण पाकाची बाटली केबिन बॅगेत ठेवू नका, सिक्युरिटीला काढून घेतात.

मूळमुद्दा

आणि ड्रॉप?

कल्हईवाला

सासूबाईंना आधी गोड द्या. डुब्बल झाउट विमान सुटल्यावर.